‘कामाच्या व्यापामुळे’ ऑडिटरचा राजीनामा: कंपनीची सूचना कशी वाचायची?

प्रश्न थोडक्यात असा: शेअर बाजारात नोंदलेल्या एका मिडकॅप कंपनीचे शेअर माझ्याकडे तीन वर्षांपासून आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी रात्री उशिरा कंपनीने बीएसईला कळवलं की ऑडिटर फर्मने ‘इतर कामांच्या व्यापामुळे तत्काळ’ राजीनामा दिला आहे आणि संचालक मंडळाने दुसरी फर्म नेमली आहे. जुन्या फर्मच्या मुदतीची दोन वर्षं बाकी होती. हे काळजीचं आहे का? आणि कंपनीने नेमकं काय काय सांगायला हवं होतं?

तुम्ही ‘व्याप’ या शब्दापाशी अडखळलात, ते साहजिक आहे. पण मी अडखळलो तो त्याच्या पुढच्या शब्दापाशी. ऑगस्टचा शेवटचा आठवडा आणि ‘तत्काळ’ या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. पुण्यात चार्टर्ड अकाउंटंट म्हणून प्रॅक्टिस करताना दोन्ही बाजूंनी हे अनुभवलं आहे. सोडून जाणारा ऑडिटरही मी होतो आणि दुसऱ्याच्या जागी येणाराही. त्यातून लागलेली सवय एकच, की कारण शेवटी वाचायचं, तारीख आधी वाचायची. कारण हवं ते लिहिता येतं, तारीख मात्र कॅलेंडरवरच पडते.

मेळ का बसत नाही, ते सांगतो. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने १८ ऑक्टोबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढलं. नोंदणीकृत, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीच्या आणि तिच्या महत्त्वाच्या उपकंपन्यांच्या ऑडिटरने मध्येच कसं जायचं, याचे नियम त्यात आहेत. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत ऑडिटर जाणार असेल, तर त्या तिमाहीचा लिमिटेड रिव्ह्यू (ऑडिटपेक्षा मर्यादित तपासणी) किंवा ऑडिट रिपोर्ट देऊन मगच त्याने जायचं. ४५ दिवस उलटून गेल्यावर जाणार असेल, तर त्या तिमाहीचा रिपोर्ट आणि पुढच्या तिमाहीचाही. वर्षाच्या पहिल्या तीन तिमाह्यांवर त्याची सही झाली असेल, तर चौथी तिमाही आणि पूर्ण वर्षाचं ऑडिट संपवल्याशिवाय सुटका नाही. नेमणुकीच्या अटींतच हे सगळं घालायचं, असं सेबीने कंपन्यांना सांगितलं आहे.

आता तुमच्या कंपनीचं गणित करा. जूनची तिमाही ३० जूनला संपली. ४५ दिवस १४ ऑगस्टला भरले. राजीनामा आला त्यानंतर, म्हणजे जुन्या फर्मने सप्टेंबर तिमाहीचाही रिव्ह्यू करून मग जायला हवं. सप्टेंबर अजून उजाडलाही नव्हता, मग ‘तत्काळ’ कसं? मला तीन शक्यता दिसतात. एक, पत्र आत्ता दिलं आहे पण लागू पुढे होणार आहे आणि कंपनी सचिवाने सूचनेत ‘तत्काळ’ हा शब्द निव्वळ सवयीने ठोकून दिला आहे. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. दुसरी शक्यता, फर्म कंपनी कायद्याच्या कलम १४१ खाली अपात्र ठरली असेल. फर्मच्या भागीदाराने कंपनीचे शेअर घेतले, भागीदाराचा नातेवाईक संचालक झाला, अशी कारणं असतात आणि अशा वेळी परिपत्रकाची अट लागू होत नाही. पण मग कारण ‘व्याप’ कसं असेल? तिसरी शक्यता, नियम मोडून दोघांनी फारकत घेतली. तिसरी असेल तर पाणी कुठं तरी मुरतंय.

हा नियम कशातून आला, ते माहीत असलं की तो लक्षात राहतो. मे २०१८ मध्ये वडोदऱ्याच्या मनपसंद बेव्हरेजेसचे वार्षिक निकाल मंजूर करायला बैठक ठरली होती. तिच्या अवघ्या काही दिवस आधी डेलॉइटने राजीनामा दिला. मागितलेली महत्त्वाची माहिती कंपनीने दिली नाही, असं कारण सांगितलं. ‘मँगो सिप’ विकणाऱ्या या कंपनीचा शेअर कोसळला आणि त्या वर्षाच्या आकड्यांबद्दल जुना ऑडिटर काय म्हणाला असता, हे भागधारकांना कधीच कळलं नाही. साधारण वर्षभराने बनावट पावत्यांच्या आरोपावरून जीएसटी खात्याने कंपनीच्या वरिष्ठ पदाधिकाऱ्यांना अटक केली. त्याआधी, २०१८ च्याच एप्रिलमध्ये, प्राइस वॉटरहाउसने मुंबईच्या वक्रांगीचं ऑडिट सोडलं होतं. त्या उन्हाळ्यात असे राजीनामे ओळीने आले. ऑडिटरला प्रतिकूल अहवाल द्यायचा धीर नसतो, गप्प बसायचं तर सही अंगाशी येते, म्हणून निकालाच्या तोंडावर तो निघून जातो. सेबीने बंद केली ती ही पळवाट. जायचं तर जा, पण जे पाहिलंत त्यावर मत लिहून जा.

आता कंपनीने काय सांगायला हवं होतं ते. सेबीच्या लिस्टिंग नियमांनुसार ऑडिटर बदलला की बाजाराला कळवावंच लागतं. तिथे कंपनीच्या मर्जीचा प्रश्न नाही. १ एप्रिल २०१९ पासून त्यात एक जास्तीची गोष्ट आली. राजीनामा असेल तर ऑडिटरने दिलेली सविस्तर कारणं, ऑडिटरच्याच शब्दांत, ती हाती पडल्यापासून २४ तासांच्या आत कंपनीने बाजारापुढे ठेवायची. कंपनीने केलेला सारांश इथे चालत नाही. (शुक्रवारी रात्री कळवलं म्हणून लगेच संशय घेऊ नका. २४ तासांच्या घड्याळाला शनिवार-रविवारची सुट्टी नसते, त्यामुळे गुरुवारी रात्री पत्र आलं तर सूचना शुक्रवारी रात्रीच पडणार.)

म्हणून आधी बघा की सूचनेसोबत काय जोडलं आहे. वरचं पान कंपनीच्या लेटरहेडवर असतं, दोन परिच्छेद आणि सचिवाची सही. त्यामागे ऑडिटरचं पत्र हवं. आणि त्यामागे, बहुतेक लोक जिथपर्यंत पोचतच नाहीत असा, २०१९ च्या परिपत्रकात नमुना दिलेला एक तक्ता हवा. तो ऑडिटर भरून देतो. अख्ख्या प्रकरणात ऑडिटरला नेमके प्रश्न विचारलेले आहेत ते फक्त तिथे. जाण्यापूर्वी तुम्ही ऑडिट कमिटीकडे (हिशेबांवर लक्ष ठेवणारी संचालकांची समिती) गेलात का, कोणत्या तारखेला? मागितलेली माहिती मिळाली नाही का? ती व्यवस्थापनाने अडवली की परिस्थितीच तशी होती? त्यामुळे हिशेबांवर मोठा परिणाम झाला असता का? पर्यायी तपासणी करून पाहिलीत का? ही अडचण आधीच्या हिशेबांतही होती का, आणि होती तर तेव्हा काय केलंत? शेवटी एक घोषणा, की वर सांगितलेल्याखेरीज राजीनाम्याचं दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही.

या शेवटच्या ओळीखाली सही करताना हात थबकतो, हे मी स्वतःवरून सांगतो. २०१३ चा कंपनी कायदा लागू होण्यापूर्वीची गोष्ट. एका कंपनीचा माल तिऱ्हाइताच्या गोदामात पडून होता. त्या गोदामवाल्याकडून साठ्याचं लेखी पत्र आणा, असं आम्ही तीनदा मागितलं. तिन्ही वेळा ‘पुढच्या आठवड्यात’. चौथ्या खेपेला पत्राऐवजी आमच्या राजीनाम्याचा मसुदाच टाइप होऊन आला. कारण होतं, ‘कामाच्या व्यापामुळे’. माझ्या वरिष्ठ भागीदारांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘झाकली मूठ राहू दे.’ आम्ही सही केली. १९५६ च्या कायद्यात जाणाऱ्या ऑडिटरने रजिस्ट्रारला काही कळवायची सक्ती नव्हती, त्यामुळे पुढे कुणी विचारलंही नाही. ती सही मला आजही खुपते. तेव्हापासून ‘व्याप’ हा शब्द मी ‘कारण सांगायचं नाही’ असाच वाचतो. दर वेळी त्यामागे घोटाळाच असतो असं मात्र नाही. कधी फीचं भांडण असतं, कधी दोन माणसांचं पटत नाही, आणि खरोखरच हाताखालची पोरं सोडून गेल्यामुळे काम झेपत नाही असंही होतं.

म्हणून तक्त्यातली उत्तरं कशी लिहिली आहेत ते पाहा. सगळीकडे ‘लागू नाही’ आणि कारणाच्या रकान्यात व्याप, असं असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा. दोन वर्षांची फी बाकी असताना कोणती फर्म चालतं काम व्यापापोटी सोडेल? नोंदणीकृत कंपनीचं ऑडिट हे फर्मचं मिरवायचं काम असतं. व्याप वाढला तर फर्म आधी शेजारच्या गल्लीतल्या ट्रस्टचं काम सोडते.

भांडण नीट जाहीर झालं की ते कसं दिसतं, याचा नमुना म्हणून अदानी पोर्ट्सची ऑगस्ट २०२३ मधली सूचना पाहा. १२ ऑगस्टला डेलॉइट गेली आणि तिच्या जागी एमएसकेए अँड असोसिएट्स आली. डेलॉइटचं म्हणणं असं, की समूहातल्या इतर नोंदणीकृत कंपन्यांचं ऑडिट आपल्याकडे नसल्यामुळे एकूण चित्र आपल्याला पुरेसं दिसत नाही. ही कारणं पटण्याजोगी नाहीत असं मत ऑडिट कमिटीने मांडलं आणि तेही त्याच सूचनेत छापलं. मे महिन्यातल्या वार्षिक अहवालात डेलॉइटने काही व्यवहारांबाबत सशर्त मत (हिशेब बरोबर, पण अमुक बाबी सोडून) दिलं होतं, हे ज्याला माहीत होतं त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून स्वतःचा निष्कर्ष काढला. कोण बरोबर होतं यात मी पडत नाही. वाचणाऱ्यापुढे दोन्ही बाजू, तारखांसकट आल्या, इतकं पुरे. आणि तारीख पाहिलीत का? जून तिमाहीचे निकाल लागून गेले होते आणि १४ ऑगस्ट उलटायला दोन दिवस बाकी होते.

पत्र आणि तक्ता यांनंतरचा तिसरा कागद बाजाराच्या संकेतस्थळावर सापडणार नाही. कलम १४०(२) प्रमाणे राजीनामा दिलेल्या ऑडिटरला ३० दिवसांत एडीटी-३ हा फॉर्म रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे स्वतः भरावा लागतो, कारणांसह. नाही भरला तर दंड त्याच्या खिशातून जातो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून तो कुणालाही पाहता येतो. मी नेहमी तो काढतो आणि बीएसईच्या पत्राशी ओळ न् ओळ ताडून बघतो. दोन्हीकडे तेच शब्द असले तर ठीक. एडीटी-३ मध्ये एक वाक्य जास्तीचं सापडलं, तर आपल्याला हवं असलेलं वाक्य बहुधा तेच.

कंपनी नोंदणीकृत नसली तर हा फॉर्मच तेवढा उरतो. जून २०२३ मध्ये डेलॉइटने बायजूज चालवणाऱ्या थिंक अँड लर्नचं ऑडिट सोडलं, कारण २०२१-२२ चे हिशेबच वेळेत तयार झाले नव्हते. ती खासगी कंपनी, त्यामुळे २४ तासांचा नियम नाही, तक्ता नाही, काही नाही. नोकरदार, कर्ज देणारे, फी भरलेले पालक, सगळ्यांना बातम्यांतून कळलं. नंतर आलेली बीडीओ समूहातली फर्मही सप्टेंबर २०२४ मध्ये निघून गेली.

राजीनाम्याबद्दल इतकं बोलतोय, कारण ऑडिटरला काढून टाकणं जवळजवळ कधी घडतच नाही. मुदत संपण्याआधी काढायचं तर केंद्र सरकारची आधी मंजुरी, मग भागधारकांचा विशेष ठराव म्हणजे तीन-चतुर्थांश मतं, आणि ऑडिटरला बाजू मांडायची संधी. एवढी शोभा कोणत्या प्रवर्तकाला हवी असते? त्यापेक्षा माहिती द्यायला उशीर करायचा, फी अडकवायची, फोन उचलायचे नाहीत. माणूस आपणहून जातो आणि कागदावर ‘राजीनामा’ लागतो.

उलट पुष्कळ बदल अगदी निरुपद्रवी असतात, तेव्हा घाबरून शेअर विकू नका. २०१३ च्या कायद्याने नोंदणीकृत कंपन्यांना ऑडिटर फर्म सलग दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती, मग पाच वर्षं विश्रांती. २०१७ च्या उन्हाळ्यात या नियमामुळे देशभर ऑडिटर बदलले आणि तेव्हा नेमलेल्यांची दहा वर्षं २०२७ च्या वार्षिक सभांना भरतील, म्हणजे पुन्हा तशीच लाट येणार. बँका आणि मोठ्या बिगरबँक वित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२१ मध्ये तीन वर्षांची मुदत ठरवली, त्यामुळे तिथे फर्म लवकर बदलते. हे ‘मुदत संपली’ या सदरातले बदल. मुदतीत गेलेला आणि मुदत संपून गेलेला, या दोघांना एका तराजूत घालू नका. तुमचा ऑडिटर मुदतीत गेला आहे.

आता येणाऱ्याकडे वळू. जुना जाऊन नवा किती वेळात आला, हे मी पाहतो. राजीनाम्याने रिकामी झालेली जागा भरायला मंडळाला ३० दिवस असतात. त्याच रात्री, त्याच बैठकीत नवी फर्म नेमली गेली असेल तर बोलणी आधीपासून चालू होती हे उघड आहे. यात गैर काही नाही. पण मग ‘अचानक’, ‘तत्काळ’ वगैरे शब्दांना अर्थ उरत नाही. चार्टर्ड अकाउंटंट कायद्याप्रमाणे नव्या ऑडिटरने काम स्वीकारण्यापूर्वी जुन्याला लेखी विचारलं पाहिजे. एका रात्रीत ही विचारपूस कशी झाली, हा प्रश्न सभेत विचारण्याजोगा आहे. आमच्याकडे एकदा असं काम आलं तेव्हा जुन्या ऑडिटरला पत्र टाकलं. उत्तर एका ओळीचं आलं: कृपया मागील तीन ऑडिट कमिटी बैठकांची इतिवृत्ते पाहावीत. आम्ही ती मागितली. कंपनीने आमच्याऐवजी दुसरी फर्म मागवली.

मंडळाने केलेली नेमणूक तेवढ्याने पक्की होत नाही. तीन महिन्यांच्या आत भागधारकांची मंजुरी लागते, म्हणजे तुमच्याकडे नोटीस येणारच. त्या नोटिशीच्या स्पष्टीकरणात नव्या फर्मची फी, नेमणुकीच्या अटी, तिचीच शिफारस का केली, आणि फी जुन्यापेक्षा बरीच वेगळी असेल तर का, हे लिहिणं २०१९ पासून बंधनकारक आहे. प्रत्यक्षात काय लिहितात? ‘मंडळ आणि ऑडिटर परस्पर संमतीने ठरवतील ती फी.’ मला या वाक्याचा मनस्वी राग येतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? जुन्याला किती दिले ते वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये छापलेलं असतं, नव्याचा आकडा पुढच्या वर्षी त्याच जागी येतो. काम तेवढंच असताना फी निम्म्यावर आली, तर तपासणीही निम्म्यावर आली असणार असं मी धरून चालतो. आणि कंपनीचा पसारा पाच राज्यांत असताना नवी फर्म दोन भागीदारांची असेल, तर फीपेक्षा ती गोष्ट मोठी.

पुढच्या वर्षीच्या ऑडिट रिपोर्टला जोडलेल्या कारो निवेदनात (ऑडिटरने ठरावीक मुद्द्यांवर द्यायची सरकारी आदेशातली उत्तरं) अठरावा मुद्दा काढून वाचा. वर्षभरात ऑडिटरने राजीनामा दिला का, आणि दिला असेल तर त्याने उपस्थित केलेले आक्षेप नव्याने विचारात घेतले का, हे नव्या ऑडिटरला तिथे लिहावं लागतं. बहुतेक जण ‘कोणतेही आक्षेप उपस्थित झाले नाहीत’ असं लिहितात. जुन्याच्या पत्रात आक्षेप असूनही असं लिहिलेलं आढळलं, तर त्या कंपनीत मी पैसे ठेवणार नाही.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र आपल्याकडे यावी असं वाटतं. तिथे कंपनी चार कामकाजाच्या दिवसांत कळवते, आणि गेल्या दोन वर्षांत ऑडिटरशी काही मतभेद झाले होते का हे तिला सांगावं लागतं. मग जुना ऑडिटर ते वाचून आपण सहमत आहोत की नाही हे स्वतःच्या पत्राने जाहीर करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्न्स्ट अँड यंगने सुपर मायक्रो कंप्युटर सोडली. व्यवस्थापनाने तयार केलेल्या हिशेबांशी आपलं नाव जोडायला आम्ही तयार नाही, असं स्वच्छ सांगितलं. तिथे ‘व्याप’ लिहायला जागाच नसते.

राजीनाम्याने ऑडिटर सुटतो, ही समजूतही आता जुनी झाली. मुंबईच्या आयएल अँड एफएस या वित्त समूहाच्या प्रकरणात ऑडिटरांनी तोच बचाव घेतला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो मान्य केला. पण ३ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कलम १४०(५) खालची, म्हणजे फसवणुकीत सामील ऑडिटरविरुद्धची, कारवाई ऑडिटरच्या राजीनाम्याने संपत नाही. जूनमध्ये एनएफआरएनेही (ऑडिटरांवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय संस्था) बजावलं की फसवणुकीचा संशय कळवण्याची जबाबदारी राजीनामा दिल्याने टळत नाही. तेव्हापासून पत्रं जरा लांब येऊ लागली आहेत, असं माझं निरीक्षण आहे.

तुम्ही आता हे करा. बीएसईवरची ती सूचना पुन्हा उघडा आणि शेवटच्या पानापर्यंत जा. तक्ता जोडलेला नसेल, तर कंपनी सचिवाला ईमेल करून तो मागा. राजीनामा नेमका कोणत्या तारखेपासून लागू आणि सप्टेंबर तिमाहीचा रिव्ह्यू कोण करणार, हेही त्यात विचारा. भागधारक म्हणून तो तुमचा साधा हक्क आहे. गेल्या वर्षीच्या ऑडिट रिपोर्टमध्ये ‘प्रमुख लेखापरीक्षण बाबी’ म्हणून, म्हणजे ऑडिटरला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या गोष्टींबद्दल, काय लिहिलं होतं तेही पाहून ठेवा, घोडं कुठं पेंड खातंय ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. एडीटी-३ साठी महिनाभर थांबा. सचिवाचं उत्तर सरळ आलं, सप्टेंबरचा रिव्ह्यू जुन्याच फर्मच्या सहीने आला, तर शेअर ठेवायला माझी हरकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निकालाखाली नव्या फर्मची सही दिसली आणि तुमच्या ईमेलला उत्तर आलेलं नसेल, तर ठरावावर मतदान करण्यापूर्वी इथे पुन्हा लिहा, आणि जमलं तर नोटिशीचं स्पष्टीकरणाचं पानही टाका.